पट्ट्यासाठी नंबर कुणाचा?

दोन लढती, दोन्ही मिळून वेळ दोन मिनिटं नऊ सेकंद. तेवढ्यात टॉम ॲस्पिनॉल या इंग्लिश फायटरने हेवीवेट गटातले दोन तगडे गडी आडवे केले. एवढं करूनही खऱ्या विजेत्याशी लढायला मिळावं म्हणून तो एकोणीस महिने थांबला. ती लढत कधी झालीच नाही. विजेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला आला तो समोरच्याने निवृत्ती घेतली म्हणून.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, बघणाऱ्यांमध्ये या प्रकरणावरून जेवढे वाद झाले तेवढे गेल्या काही वर्षांत दुसऱ्या कशावरून झाले नसतील. बाहेरून पाहणाऱ्याला हे वाद रिकामटेकड्यांचे वाटतात. कोण कोणाला हरवेल, पुढचा दावेदार कोण, सर्वश्रेष्ठ कोण, यावर तासन्‌तास बोलून काय मिळतं? पण या खेळाची घडी ज्याला ठाऊक आहे तो असं म्हणणार नाही. पट्ट्यासाठी कोण लढणार हे ठरवण्याचा कुठलाही पक्का नियम नसलेल्या खेळात चाहत्यांचा आरडाओरडा हाच काय तो उरलेला अंकुश आहे.

प्रकरण सुरू झालं २०२३ मध्ये. मार्चमध्ये जॉन जोन्सने लास वेगासला सिरिल गानचा गळा आवळून अवघ्या दोन मिनिटं चार सेकंदांत यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीचा रिकामा हेवीवेट पट्टा जिंकला. तो रिकामा होता, कारण आधीचा विजेता फ्रान्सिस एनगानू करारावरून मतभेद झाल्याने कंपनी सोडून गेला होता. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जोन्स आणि स्टिपे मिओचिच अशी लढत ठरली. जोन्सच्या छातीचा स्नायू फाटला, लढत पुढे गेली, आणि त्याच रात्रीसाठी हंगामी पट्ट्याची लढत उभी करण्यात आली. ॲस्पिनॉलला तयारीला तीन आठवडेही मिळाले नाहीत. समोर सर्गेई पाव्लोविच, ज्याने आधीच्या सलग सहा लढती पहिल्याच फेरीत नॉकआउटने संपवल्या होत्या. ॲस्पिनॉलने त्याला ६९ सेकंदांत झोपवलं.

हंगामी पट्टा म्हणजे एक कबुली असते. विजेता जायबंदी आहे, तो परतला की पहिली लढत या माणसाशी, असा त्याचा साधा अर्थ. जोन्स परतला तो पूर्ण वर्षाने, १६ नोव्हेंबर २०२४ रोजी, आणि लढला मिओचिचशीच. मिओचिच तेव्हा ४२ वर्षांचा होता आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ एकही लढत लढला नव्हता. शेवटची लढला होता, तीही हरला होता. दरम्यान ॲस्पिनॉलने काय करावं? त्याने मँचेस्टरमध्ये हंगामी पट्टाच पणाला लावला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसता यावं म्हणून मुख्य लढती स्थानिक वेळेनुसार पहाटे तीनला सुरू झाल्या होत्या. तरीही घरचं सभागृह जागं होतं. कर्टिस ब्लेड्स समोर आला. दोन वर्षांपूर्वी लंडनला याच ब्लेड्सशी लढताना पंधराव्या सेकंदाला ॲस्पिनॉलचा गुडघा गेला होता. या वेळी बरोबर एका मिनिटात हिशेब चुकता झाला.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जोन्सने तिसऱ्या फेरीत गिरकी घेऊन मिओचिचच्या बरगडीत टाच हाणली आणि लढत संपवली, त्या रात्री ॲस्पिनॉल राखीव फायटर म्हणून तिथेच हजर होता. दोघांपैकी एक पडला तर त्याच्या जागी उतरायला तो कंपनीला चालत होता. हक्काचा दावेदार म्हणून मात्र चालत नव्हता. या एका गोष्टीत सगळा अन्याय दिसतो.

जोन्सच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे मुद्दे नव्हते असं नाही. २०११ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शोगुन रुआला हरवून तो यूएफसीचा सर्वांत तरुण विजेता झाला. त्याच्या कारकिर्दीत पराभव एकच, आणि तोही २००९ मध्ये नियमबाह्य कोपर मारल्यामुळे बाद ठरवल्याचा. उत्तेजक चाचणीत अडकल्याने २०१७ चा डॅनियल कॉर्मिएरवरचा विजय रद्द झाला, हा डाग आहेच. पण पिंजऱ्यात उभं राहून त्याला कुणी हरवलं नाही हे खरं. अशा माणसाने आपला शेवटचा प्रतिस्पर्धी स्वतः निवडला तर बिघडलं कुठे, असं त्याचे चाहते विचारत होते. बिघडलं इतकंच, की पट्टा त्याच्या घरचा नव्हता. सर्वश्रेष्ठ कोण हा प्रश्न इतिहासाचा आहे, पुढचा दावेदार कोण हा प्रश्न वर्तमानाचा आहे. पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याला गप्प बसवणं चूक आहे. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट नेमकं तेच करत राहिले. ॲस्पिनॉलबद्दल विचारलं की जोन्स किती महान आहे हे ते सांगत.

चाहते गप्प बसले नाहीत. जोन्सचा पट्टा काढून घ्या अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर लाखावर सह्या झाल्या. अखेर २१ जून २०२५ रोजी बाकूमधल्या कार्यक्रमानंतर व्हाइट यांनी जोन्स निवृत्त झाल्याचं सांगितलं आणि ॲस्पिनॉल विजेता झाला. यूएफसीच्या इतिहासात हंगामी पट्टा इतका काळ कुणाकडेच राहिला नव्हता. आधीचा विक्रम ब्राझीलच्या रेनान बराओचा, दीड वर्षाच्या आसपासचा.

हे एकट्या हेवीवेटचं दुखणं असतं तर विसरून जाता आलं असतं. वेल्टरवेट गटात बेलाल मुहम्मदने डेमियन माया, स्टीफन थॉम्प्सन, व्हिसेंट लुके, शॉन ब्रेडी यांना ओळीने हरवलं. मे २०२३ मध्ये गिल्बर्ट बर्न्सविरुद्ध लढताना जिंकणाऱ्याला पट्ट्याची संधी असं सांगितलं गेलं होतं. बेलाल जिंकला. संधी मिळाली कोल्बी कव्हिंग्टनला, जो मार्च २०२२ नंतर एकदाही लढला नव्हता. कव्हिंग्टन तोंडाळ आहे, त्याच्या नावावर तिकिटं खपतात. डिसेंबर २०२३ मध्ये विजेता लिऑन एडवर्ड्सने त्याला गुणांवर हरवलं. बेलालचा नंबर जुलै २०२४ मध्ये लागला, आणि त्याने एडवर्ड्सकडून पट्टा घेतला. ज्याला कंटाळवाणा म्हणून मागे ठेवलं तोच विजेता निघाला.

आणि लाइटवेटमधला अर्मान त्सारुक्यान? त्याच्या बाबतीत चाहत्यांमध्ये खरी फूट आहे. जानेवारी २०२५ मध्ये विजेता इस्लाम मखाचेवविरुद्धची लढत त्याने आदल्या दिवशी पाठीच्या दुखापतीमुळे सोडली. कंपनीचा राग समजण्यासारखा होता, आणि सुरुवातीला अनेक चाहत्यांनाही तो पटला. पण नंतर तो इलिया तोपुरिया आणि ऑलिव्हेरा यांच्यातल्या पट्ट्याच्या लढतीसाठी राखीव राहिला, नोव्हेंबरमध्ये दोह्यात डॅन हूकरला दुसऱ्या फेरीत शरण आणलं. रँकिंगमध्ये पहिला तोच. तरीही विजेता तोपुरिया खासगी कारणामुळे काही काळ बाजूला झाल्यावर हंगामी पट्ट्यासाठी नावं आली ती जस्टिन गेची आणि पॅडी पिम्ब्लेट यांची. शिक्षा म्हणून मागे ठेवायचं असेल तर किती काळ, कोणत्या गुन्ह्यासाठी, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. इथे तसं काही लिहिलेलं नाही.

रँकिंग मग कशासाठी, असा प्रश्न पडतो. यूएफसीचं अधिकृत रँकिंग २०१३ मध्ये सुरू झालं. प्रत्येक गटात विजेता आणि त्याखाली पंधरा नावं. मतं पत्रकार देतात, यादी कंपनी छापते, आणि जोड लावताना ती यादी पाळायचं बंधन तिच्यावर नाही. सोयीची असेल तेव्हा जाहिरातीत वापरायची, नसेल तेव्हा बाजूला सारायची.

हे कायद्याने शक्य होतं ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बॉक्सिंगमध्ये पट्टे प्रमोटरचे नसतात, वेगळ्या संघटनांचे असतात. २००० साली अमेरिकेत झालेल्या मुहम्मद अली कायद्याने या संघटनांवर रँकिंगचे निकष लेखी आणि वस्तुनिष्ठ ठेवण्याचं बंधन घातलं. तिथे सक्तीचा दावेदार असतो. त्याला टाळत राहिलं तर पट्टा जाऊ शकतो. बॉक्सिंगमध्येही ढीगभर पट्टे आहेत, मोठ्या लढती वर्षानुवर्षं रखडतात, सगळं आलबेल नाही. पण दावेदाराला बोट ठेवायला निदान एक कागद असतो. एमएमएला हा कायदा लागू नाही. इथे पट्टा, रँकिंग, करार आणि प्रक्षेपण एकाच कंपनीच्या हातात. फायटर्सनी मक्तेदारीविरुद्ध २०१४ मध्ये दावा लावला. त्यात साडेसदतीस कोटी डॉलरची तडजोड न्यायालयाने मंजूर केली ती २०२५ मध्ये. पैसे मिळाले, जोड लावण्याची पद्धत तीच राहिली.

पट्ट्याच्या लढतीला लागून येणारा पैसा पाहिला की दावेदारीचं मोल कळतं. विजेत्याला २०२५ पर्यंत पे-पर-व्ह्यूच्या विक्रीत वाटा मिळत असे. खालच्याला ठरलेली रक्कम. फायटरची उमेदीची वर्षं मोजकी. त्यातलं दीड वर्ष कुणाच्या मर्जीखातर गेलं तर ते परत आणता येत नाही.

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. लोक ज्या लढतीसाठी पैसे मोजतात ती लावणं हा तिचा धंदा आहे. मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्या रात्री भरलं होतं. ॲस्पिनॉलसाठी कळवळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी जोन्स-मिओचिच लढतही चवीने पाहिली. प्रेक्षकाला कथा हवी असते, आणि सूड, म्हातारा वाघ, शेवटची झुंज अशा कथा रँकिंगच्या यादीतून निघत नाहीत. पण हंगामी पट्टा ठेवायचा, त्याच्या नावाने तिकिटं विकायची आणि त्याचा अर्थ मात्र पाळायचा नाही, हे धंद्याच्या नावाखालीही खपवून घेण्यासारखं नाही.

चाहत्यांकडूनही एक गोष्ट वाईट झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीला विजेता म्हणून ॲस्पिनॉल पहिल्यांदा उतरला. समोर सिरिल गान. पहिल्याच फेरीत गानची बोटं त्याच्या डोळ्यांत गेली. दिसत नाही असं त्याने सांगितलं, लढत निकालाविना थांबली. आणि ज्यांनी वर्षभर त्याच्यासाठी भांडण केलं त्यातलेच काही जण तो घाबरला म्हणू लागले. नंतरच्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही डोळ्यांच्या हालचालीला इजा झाल्याचं पुढे आलं. डोळ्यात बोट गेलेल्या माणसाला भित्रा म्हणणाऱ्यांनी दावेदारीवर बोलण्याचा आपला अधिकार त्या दिवसापुरता तरी गमावला. वाद जोरात व्हावा, पण निकष कामगिरीचा असावा.

मराठी वाचकाला ही भाषा परकी नाही. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता गदेसाठी भिडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या गादीवरच्या लढतीतल्या निर्णयावरून केवढं रणकंदन झालं. पण तो वाद खांदे टेकले की नाही याचा होता. शेवटच्या लढतीत कोण उतरणार हे आयोजकाच्या आवडीवर सोडलेलं नव्हतं. आपल्या इथला भरत खंडारे कुस्तीतूनच एमएमएत गेला आणि २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरणारा भारतातला पहिला फायटर ठरला.

उत्तराखंडच्या अंशुल जुबलीचा रस्ता इथे जास्त बोलका आहे. तो 'रोड टू यूएफसी' या आशियाई स्पर्धेतून आला. बाद फेऱ्या, गटात आठ जण, जिंकेल त्याला करार. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंतिम लढतीत जेका सारागिहला हरवून त्याने तो मिळवला. म्हणजे नवख्यांसाठी स्वच्छ नियम याच कंपनीला जमतो. तिची पहिली रात्रही, १२ नोव्हेंबर १९९३ ची डेन्व्हरमधली, आठ जणांची बाद स्पर्धाच होती. रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवून ती जिंकली. पीएफएल या प्रतिस्पर्धी संस्थेने २०१८ पासून काही वर्षं गुणांवर आधारलेला हंगाम चालवून दाखवला: विजयाला तीन गुण, लवकर संपवाल तर जास्त, वरचे पुढच्या फेरीत. शिखराजवळ पोचलं की मात्र यूएफसीला नियम नकोसे होतात.

करायचं ते अवघड नाही. जिंकणाऱ्याला पट्ट्याची लढत असं जाहीर केलं तर ते करारात लिहावं. हंगामी विजेता असेल तर परतलेल्या विजेत्याची पहिली लढत त्याच्याशीच व्हावी, आणि ती ठरलेल्या मुदतीत झाली नाही तर पट्टा आपोआप हंगामी विजेत्याकडे जावा. क्रमांक एकला डावललं तर त्याचं कारण लेखी द्यावं.

कंपनी हे स्वतःहून करणार नाही. स्वतः एमएमएत लढलेले ओक्लाहोमाचे तेव्हाचे लोकप्रतिनिधी मार्कवेन मलिन यांनी २०१६ मध्ये अली कायदा या खेळालाही लागू करणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. तसं विधेयक पुन्हा यायला हवं. न्यूजर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले, तिथे मतदान करणारे आणि या लढतींसाठी पैसे मोजणारे मराठी चाहते आहेत. त्यांनी आपल्या भागातल्या प्रतिनिधीला यासाठी पत्र लिहावं.