हरसूलचा मतदार कुठे हरवतो?

निवडणूक आटोपली की मतदानाची टक्केवारी जाहीर होते आणि उपदेशाचा हंगाम सुरू होतो. शहरातील मतदार सुस्त म्हणून हळहळ व्यक्त होते. आदिवासी मतदार मात्र नोटेच्या आणि बाटलीच्या मोबदल्यातच रांगेत उभा राहतो, असे तीच सुशिक्षित मंडळी कुजबुजतात. ही समजूत उथळ आहे, अन्यायकारकही आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. तेथील काही भागांत तर दुपारी ३ वाजताच मतदान थांबवायचे होते. दक्षिण मुंबईत, जेथे शाळा-महाविद्यालयांना तोटा नाही, ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिले. अक्षरओळख आणि मतदान यांची सांगड इतकी सोपी नाही, हे यावरून उघड आहे.

आता नाशिक जिल्ह्यातील हरसूलकडे पाहा. डोंगरउतारावर भात, नागली, वरई पिकते ती पावसाच्या भरवशावर. पीक घरात आले की हाताला काम उरत नाही. दिवाळी सरली की कित्येक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले, ते नेमके याच दिवसांत. नाव पाड्यावरच्या यादीत, हात परक्याच्या वेलीवर! अशा माणसाच्या नावापुढे खूण राहिली नाही, तर तिला उदासीनता म्हणायचे की नाइलाज?

कायदा त्याच्या बाजूने आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ख नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी रोजंदारीच्या मजुरालाही मिळाली पाहिजे. पण ती नाकारणाऱ्या मालकाला दंड किती? फार तर ५०० रुपये. शिवाय सुट्टी मिळाली, तरी गावी जाण्यायेण्याचे भाडे कोण देणार? निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होणार होती. अनेक पक्षांनी शंका घेतल्या आणि २०२४ च्या निवडणुका त्या यंत्राविनाच पार पडल्या. शंका रास्त असतील. पण त्यांवर उत्तर शोधण्याची घाई मात्र कोणाला दिसली नाही.

माणूस मतदानाला जातो तो फलक वाचून नव्हे. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात १९९८ साली झालेल्या प्रयोगात, दारी जाऊन समोरासमोर केलेल्या विनंतीने मतदान वाढले. दूरध्वनीने मात्र काहीच साधले नाही. कोणी विचारले, वाट सुकर केली, की माणूस येतो.

वाचकहो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मतदान हा नागरिकाचा हक्क तसाच कर्तव्यही असल्याचे सांगितले. ते माझे कर्तव्य असेल, तर माझ्या बागेतल्या, बांधकामावरच्या, घरातल्या मजुराचेही आहे. त्याच्या आड येण्याचा अधिकार मला नाही. मतदानाच्या दिवशी आपण स्वतः रांगेत उभे राहिलो, एवढ्याने आपले काम संपत नाही. आपल्याकडे राबणारा माणूस त्याच्या गावच्या रांगेत पोहोचला का, त्याची मजुरी कापली गेली नाही ना, याचाही जाब आपल्याला द्यावा लागेल. तो देता येत नसेल, तर निदान टक्केवारीवरून आदिवासीला नावे ठेवणे तरी आपण थांबवावे.