शेड आपली, माल भाडेकरूचा, गुन्हा कोणावर?

भिवंडी तालुक्यात भातशेती मागे पडली आणि गोडाऊन पुढे आली, यात आता नवल राहिलेले नाही. काल्हेर, दापोडे, माणकोली पट्ट्यात काल जिथे आवणी व्हायची तिथे आज पत्र्याच्या शेड आहेत. शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जागा देताना भाडे आणि अनामत एवढेच बघितले जाते. आत काय उतरते, रात्री कोणाचा टेम्पो येतो, कोणी विचारत नाही. "साहेब, शेड आमची, माल त्याचा. आमचा काय संबंध?" हे गावोगाव ऐकायला मिळते.

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, आपल्या जागेचा वापर अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. "मला ठाऊक नव्हते" म्हणून सुटका होईल असे कोणी समजू नये. सरकार पक्षाने मूळ गोष्टी शाबीत केल्या की कलम ३५ प्रमाणे कोर्ट माहिती होती असेच धरून चालते. नव्हती हे मालकाने दाखवायचे. लेखी भाडेकरार नाही, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद नाही, मग दाखवणार काय?

शेताचेही तेच. बांधावर किंवा मक्याच्या आड परवान्याशिवाय गांजा लावला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात झाडे किती हे कायदा विचारत नाही. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी अशा लागवडीवर वारंवार धाडी पडल्या आहेत. खंडाने दिलेल्या आपल्या जमिनीत असे पीक दिसले तर ताबडतोब कळवणे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकावर बंधनकारक आहे. कलम ४७ मध्ये सरपंच, पंच आणि आम्ही सरकारी नोकरही येतो. अंबाडीचे पान बरेचसे तसेच दिसते, तेव्हा शंका आल्यास कृषी सहायकाला दाखवावे.

आता वजनाचे. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या पुढे दहा ते वीस वर्षे, आणि जामीन फार अवघड. पण गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. सुटी पाने आणि बी व्याख्येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जात हाच मुद्दा ग्राह्य धरला. मुळासकट झाड तराजूत टाकले तर किलोचे गणित बदलते आणि माणसाची वर्षेही, म्हणून पंचनाम्यात काय तोलले हे नीट वाचावे. (पाने वगळली म्हणून मोकळे रान नाही. भांगेला राज्याचा दारूबंदी कायदा आहे.)

अटक झालीच तर घरच्यांनी मध्यस्थाला पैसे मोजत बसू नये. अटकेचे कारण कळणे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणे हा हक्क आहे. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर मागता येते. पिशवीला वा गोडाऊनला ही सवलत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. आणि पोरगा व्यसनी असेल, थोडाच माल सापडला असेल, तर कलम ६४-अ प्रमाणे स्वतःहून उपचार घेतल्यास खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम वस्तीत कोणालाच माहीत नसते.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर घरपट्टीच्या थकबाकीची यादी लागते. तिथेच कलम २५ आणि ४६ चार ओळींत लिहायला खडूचा एक तुकडा पुरेल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, अशी मागणी गोडाऊनवाल्या गावांनीच करावी.