शिट्टीविना खेळ

झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाईंमागोमाग मेजर ध्यानचंद आठवतात. त्यांच्या हॉकीत चूक झाली की पंच शिट्टी फुंकतो. हौशी गोल्फ खेळाडूच्या मागे मात्र सहसा पंच नसतो. आपले फटके त्याने खरे सांगायचे.

त्यावरच त्याचे ‘हँडिकॅप’ ठरते, म्हणजे नवख्याला मुरलेल्याशी बरोबरीने खेळता यावे म्हणून दिलेली फटक्यांची सवलत. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ त्यासाठी धरतात.

लबाडी दोन तऱ्हांची. कुणी बढाईपोटी हँडिकॅप कमी दाखवतो. तो बिचारा सवलत गमावून स्वतःच हरतो. दुसरा ते मुद्दाम फुगवतो आणि स्पर्धेतले बक्षीस घरी नेतो. हा सरळसरळ चोर, कारण भुर्दंड प्रामाणिक खेळाडूला बसतो.

उलट्या टोकाचे उदाहरण बॉबी जोन्सचे. १९२५ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत या हौशी खेळाडूचा चेंडू फटक्याआधी गवतात किंचित हलला. पंचांना ते दिसले नव्हते, तरी त्याने स्वतःवर एक फटका चढवून घेतला. चार फेऱ्यांअखेर विली मॅकफर्लेनशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत जोन्स एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता, तर जादा फेऱ्यांची वेळच आली नसती!