गाडी एकदाच खोला

चालक बंधूंनो, गाडी गॅरेजला लागली की रोजी बुडते. म्हणून कामे जोडून काढा. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवलाच, तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सीलही पाहून घ्या. मजुरी एकदाच पडते. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल, तर दोन्ही सोबतच बदला.

ताकद वाढवायची असेल, तर आधी कॉम्प्रेशन मोजा. झिजलेल्या इंजिनाला महागडे भाग लावणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे! शिवाय गाडीचा तपशील नोंदणी-पुस्तकाशी जुळेनासा झाला, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. आधी आर.टी.ओ.त विचारा.

काढलेले जुने भाग मागून घ्या, म्हणजे पैसे कशाचे मोजले ते घरच्यांनाही दिसेल.