खर्च सरकार ठरवतं, भाडं बाजार: उरणच्या ट्रेलरवाल्याचा दिघीला धडा

पनवेलहून उरणकडे रात्री-अपरात्री कधीही जा, कंटेनर लादलेल्या ट्रेलरची रांग दिसतेच. न्हावा-शेवाचं जेएनपीए हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. कोट्यवधींचा माल इथून रोज ये-जा करतो. पण रांगेत उभ्या असलेल्या एका गाडीच्या मालकाला विचारा, "भाऊ, महिनाअखेर हातात काय राहतं?" बहुतेक वेळा उत्तर हप्त्यापाशी येऊन थांबतं.

याचं खापर नशिबावर किंवा मंदीवर फोडून भागत नाही. या धंद्याचे नियमच असे आहेत की त्यांचं ओझं लहान मालकावर येतं. आता रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर दिघी बंदर वाढतंय, म्हणून हे नियम आजच समजून घ्यायला हवेत.

थोडं मागे जाऊ. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे २६ मे १९८९ रोजी जेएनपीटी बंदर सुरू झालं आणि जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जुलै १९८९ ला, नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. आधी मालवाहू गाडीचं परमिट मिळवणं म्हणजे दिव्य होतं. परमिट मोजकी आणि ती ओळखीपाळखीवाल्यांच्या हातात. नव्या कायद्यानं परमिट सहसा नाकारता येणार नाही असं ठरवलं. जमीन गेलेल्या घरातल्या किंवा आखातातून चार पैसे साठवून आलेल्या माणसाला गाडी घेऊन धंद्यात उतरणं शक्य झालं. ही खरी संधी होती आणि अनेक घरं त्यावर उभी राहिली.

पण दार सगळ्यांना उघडलं की गर्दीही होते. गाड्या वाढल्या, भाव उतरले. भाडं ठरतं ते मालवाला, क्लिअरिंग एजंट आणि मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी यांच्यात. गाडीमालक या साखळीत शेवटी. वरच्या प्रत्येकाचं कमिशन कापून उरलेलं त्याच्या वाट्याला.

आता खर्चाची बाजू बघा. डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा वेगवेगळा कर. टोलचे दर सरकारी. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सरकारच जाहीर करतं. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी येते. कोकणात जाणाऱ्या लाखो लोकांसाठी ती गरजेची आहे, हे मान्य. पण त्या दिवसांत फायनान्स कंपनीचा हप्ता थांबत नाही. थोडक्यात, खर्च सरकार ठरवतं, भाडं बाजार ठरवतो, आणि फरक गाडीवाला स्वतःच्या झोपेतून भरून काढतो.

चांगल्या हेतूचा नियमही कसा उलटतो, याचं उदाहरण २०१८ चं. त्या वर्षी जुलैत केंद्रानं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. ऐकायला बरं वाटलं. पण तेवढ्याच मालाला आता कमी गाड्या पुरतात. ज्याच्याकडे नवी गाडी आणि पक्कं कंत्राट, त्याचा फायदा. जुनी गाडी घेऊन दारोदार भाडं शोधणाऱ्याचा तोटा. डिझेल, टोल आणि विमा यांवरून त्याच महिन्यात देशभरातल्या मालवाहतूकदारांनी आठ दिवसांचा संप केला.

मग एकत्र येऊन भाडं का ठरवू नये? इथेच लहान मालक चुकतो आणि अडकतो. कोचीन बंदरात ट्रेलरमालकांच्या संघटनांनी नंबर पद्धत चालवली होती: ज्याचा नंबर त्यालाच माल, आणि दर संघटनेचा. बंदर प्रशासनानं तक्रार केली. २०१७ मध्ये स्पर्धा आयोगानं निकाल दिला की हे स्पर्धा कायद्याच्या विरोधात आहे. कायद्याच्या नजरेत शंभर गरीब मालकांनी मिळून दर ठरवणं आणि चार बड्या कंपन्यांनी तेच करणं, दोन्ही कार्टेलच. त्यासाठी उलाढालीच्या प्रमाणात दंड होऊ शकतो.

आयोगाची बाजू अगदीच चुकीची नाही. सक्तीच्या नंबर पद्धतीत बाहेरच्या गाडीला अडवलं जातं, मालवाला वेठीस धरला जातो, आणि शेवटी संघटनेतले चार दादा लोकच जास्त नंबर लावून घेतात. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही बघा. जहाज कंपन्या एकमेकांच्या जहाजातली जागा वाटून घेण्याचे करार करतात. केंद्र सरकारनं अशा करारांना स्पर्धा कायद्यातून वर्षानुवर्षं सूट दिली आहे. अट एवढीच की दर ठरवणं किंवा बाजार वाटून घेणं त्यात नको. म्हणजे साधनं वाटून घ्यायला हरकत नाही, दर बांधायला आहे. जहाजवाल्यांना हे वकिलांमार्फत कळतं, ट्रेलरवाल्याला नोटीस आल्यावर.

लहान मालकासाठीही कायद्यात वाट आहे. कलम ३ मध्येच म्हटलं आहे की ज्या संयुक्त उपक्रमामुळे कार्यक्षमता वाढते, त्याला कार्टेलचं गृहीतक लागू होत नाही. म्हणजे पन्नास मालकांनी खरीखुरी कंपनी किंवा सहकारी संस्था काढली, गाड्या एका नावाखाली चालवल्या, परतीचा माल मिळून शोधला, डिझेल-टायर घाऊक घेतले आणि कारखान्याशी थेट करार केला, तर तो धंदा आहे. फक्त दराचा फलक लावायला संघटना काढली, तर ते कार्टेल आहे. भागीदारीत गलबतं चालवण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही. ती ट्रेलरला लागू करायची आहे, हिशेब मात्र चोख ठेवून.

सरकारकडेही मागण्यासारखं आहे. मोटार वाहन कायद्यात मालवाहतुकीच्या भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्याला आहे. रिक्षाचं भाडं सरकार ठरवतं, ट्रकच्या बाबतीत तो अधिकार सहसा वापरला जात नाही. किमान दर फार चढा ठेवला तर तो टेबलाखालून मोडला जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून आधी दोन साध्या गोष्टी मागाव्यात: डिझेल वाढलं की भाडं आपोआप वाढेल असं कलम प्रत्येक लेखी करारात हवं, आणि बंदराच्या गेटवर ठरावीक तासांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर त्याची भरपाई हवी.

आता दिघीकडे बघा. २०२१ मध्ये हे बंदर अदानी समूहाकडे गेलं, आणि २०२४ मध्ये केंद्रानं दिघी औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. उद्या म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडची पोरं कर्ज काढून गाड्या घेतील. एकेकट्यानं घेतली तर उरणचीच रांग तिकडे लागेल. शिवाय उत्तरेला पालघरमध्ये वाढवण बंदर येतंय, तेव्हा माल एकाच बंदराला बांधलेला राहणार नाही.

गाडीचं बुकिंग करण्याआधी चार जणांनी एकत्र बसावं, चार्टर्ड अकाउंटंट आणि वकिलाला सोबत घ्यावं, मगच सही करावी. बंदरावर कंत्राटं एकदा वाटून झाली की मागून जाणाऱ्याच्या हाती पुन्हा कमिशन कापून उरलेलंच भाडं येतं.