गप्प टॅपेटवर विश्वास ठेवू नका



लागण, खोडवा, पाचट यांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा, पण आपल्याच अंगणातला आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात काही सभासदांच्या दारात जुनी अँबेसेडर नाहीतर फियाट अजून उभी आहे. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळं तिच्यावरच चालतं. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. या गाड्यांचे जाणते मेस्त्रीही आता थकले. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, निदान टॅपेट सेट करणे तरी मालकाला स्वतःला आले पाहिजे.

आपल्याकडे समजूत अशी की, टॅपेट वाजले तर बिघाड आणि गप्प असले तर सगळे ठीक. मग मेस्त्रीला सांगायचं, "आवाज बंद करून द्या." तोही आवळून देतो. खरा घात इथेच होतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर लोखंड वाढते. फट जास्त झाली तर टॅपेट वाजते, थोडी ताकद कमी होते. पण फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटल्यावर आपली उष्णता सीटला देऊन थंड होतो. तो किंचित उघडा राहिला की जळता वायू तिथून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे वाजणारे टॅपेट आधी सांगते, गप्प टॅपेट एकदम खर्चात टाकते.

आणखी एक कारण आहे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते आरोग्याला चांगलेच झाले. पण पूर्वीच्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह-सीटची झीज कमी करीत असे. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनात सीट हेडच्या बिडातच कापलेली आहे. ती झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप, आवाज न करता मिटत जाते.

ऊस तोडणीला आला का, हे आपण नुसत्या रंगावरून ठरवत नाही, ब्रिक्स बघतो. तसेच इथेही कानाने नव्हे, फिलर गेजने ठरवावे.

रीत अवघड नाही. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, चाकाला दगड लावून उभी करा. बॅटरीची वायर आणि प्लग काढा, टॅपेट कव्हर उतरवा. इंजिन हँडलने हळूहळू फिरवा. पुढून व्हॉल्व्हना १ ते ८ क्रमांक द्या आणि नऊची बेरीज लक्षात ठेवा. १ पूर्ण दबला की ८ ची फट बघा, ३ दबला की ६ ची, ५ दबला की ४ ची, २ दबला की ७ ची. पुढे हेच उलट. गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसने धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना फट बदलते. फटीचा आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. तो थंड इंजिनाचा की गरम, इनलेटचा की एक्झॉस्टचा, हेही बघा. मोजलेले आकडे वहीत लिहा.

कोणी म्हणेल, मेस्त्री कशाला आहे मग? मोठ्या कामाला आहे. वहीतली एकाच व्हॉल्व्हची फट दरवेळी कमीच होत चालली तर सीट झिजतेय असे समजा आणि गाडी त्याच्याकडे न्या. पण मोजण्याचे काम आपले.

संचालक मंडळाला माझी नम्र सूचना आहे की, गळीत हंगाम संपल्यावर वर्कशॉपमध्ये एक दिवसाचे शिबिर घ्यावे. आपली फिटर मंडळी यात तरबेज आहेत. सभासदांनी मुलामुलींनाही सोबत आणावे. फिलर गेज फार महाग नाही. जळालेला व्हॉल्व्ह मात्र महाग पडतो.

— ऊस विकास अधिकारी