गोलंदाजाचे नाव काय?

दिवेआगरला मुक्कामी असलेली आमच्या विद्यार्थ्यांची सहल दिघीहून होडीने जंजिऱ्यात गेली. कलालबांगडी तोफेपाशी वाटाड्याने नेहमीची कथा लावली : उन्हात न तापणारा धातू, कित्येक कोसांवर जाणारा गोळा, नुसत्या आवाजाने पांगणारा शत्रू. एका विद्यार्थिनीने विचारले, "हिला बत्ती कोण द्यायचं?" वाटाड्या निरुत्तर झाला. मीही.

हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांकडे ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. गुळगुळीत नळीच्या तोफेला असला पल्ला असणे शक्य नाही. म्हणजे जिच्यापुढे आपण थक्क होतो ती कलालबांगडी कारखान्यापेक्षा कथेने अधिक घडवली आहे. आणि कथा हे आपले क्षेत्र आहे. या कथेत तोफेला नाव आहे, स्वभाव आहे, आवाज आहे. गोलंदाजाला यातले काहीच नाही. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे यांच्या मोहिमांपुढे जंजिरा टिकला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. एवढ्या काळात एकामागून एक किती हातांनी दारू ठासली? किती जण बहिरे झाले, किती भाजले? आपली ऐतिहासिक कादंबरी 'तोफा धडाडल्या' एवढ्या एका वाक्यात त्यांची बोळवण करते आणि शस्त्रांच्या आरत्या ओवाळत राहते.

वीरकथेवर हे ओझे कशाला, असे कुणी विचारील. पण महाभारताने ते ओझे वाहिलेच आहे. विराटपर्वात अर्जुन गांडीवाची ओळख करून देतो ती त्याच्या धारकांच्या मालिकेसह, आणि प्रत्येकाची वर्षे मोजून : ब्रह्मा, प्रजापती, इंद्र, सोम, वरुण आणि मग तो स्वतः. शल्यपर्वात कृष्ण खाली उतरताच अर्जुनाचा रथ जळून भस्म होतो. तो आजवर उभा होता तो सारथ्यामुळे. मौसलपर्वात तेच गांडीव आणि तोच अर्जुन. तरी यादवस्त्रियांचे रक्षण होत नाही. शस्त्र कितीही दिव्य असो, हात थकला की ते लाकूड उरते, हे व्यासांना ठाऊक होते. आपणच ते विसरलो.

माणसांची नावे नोंदवणे मराठीला परके आहे म्हणावे, तर दिवेआगरचाच शके ९८२चा ताम्रपट आड येतो. भाषेच्या इतिहासात आपण तो शिकवतो, तेव्हा त्यातली विभक्तिरूपे फळ्यावर लिहितो. पण त्यात रिसियप घैसास आहे, एका व्यवहाराशी संबंधित माणसे आपापल्या नावांनिशी उभी आहेत, हे सांगायचे राहून जाते. मराठी लिहू लागली तेव्हाच तिने तांब्यावर माणसे कोरली होती.

गोलंदाजांची नावे दफ्तरात नाहीत, हे उत्तर इतिहासकाराला शोभेल. दफ्तर मुके आहे म्हणून कादंबरीनेही मुके राहायचे असेल, तर कादंबरी हवी तरी कशाला?